आमच्यात असं कोणी गेलं नाही

यशदीपला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि दीपमाला अजून धाकट्या जावेच्या, रूपालीच्या, हातचं पाणी घेत नव्हती. पाण्यावरून ज्या घराण्यानं तीन पिढ्यांमागे काय काय सोसलं, त्याच घरात एक बाई दुसरीचा पेला परत लोटते, हे बघून गुढियारी वस्तीतल्या बायका चुकचुकत होत्या. पण पोटचा पोरगा गेलेल्या बाईला शहाणपण शिकवायला कोण जाणार?

दीपमालाच्या लेखी हिशेब सरळ होता. तिचा यशदीप आणि रूपालीचा अश्विन रोज सकाळी रेल्वेच्या मैदानावर जात. रेल्वे भरतीची शारीरिक चाचणी जवळ आली होती. पस्तीस किलो वजन उचलून शंभर मीटर चालायचं, मग हजार मीटर धावायचं. त्या दिवशी यशदीप म्हणाला, आज राहू दे, छातीत कसंतरीच होऊन राहिलं. अश्विन म्हणाला, चल ना यार, एकच राउंड. दुसऱ्या वळणावर यशदीप पडला तो उठलाच नाही. तेवीस वर्षांचा, सहा फुटी पोरगा, सुपारीसुद्धा न खाणारा. हे सगळं अश्विननं स्वतःच रडत रडत मोठ्या आईला, म्हणजे दीपमालाला, सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, पण पोरगा तसा नव्हता.

रविवारी अकराला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. गल्लीत पांढरा मंडप, समोर टेबलावर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली यशदीपचा फोटो. तोही भरतीच्या अर्जासाठी काढलेला, कान दिसतील असा, मोठा करून आणलेला. हसतानाचे फोटो सगळे त्याच्या मोबाइलमध्ये होते आणि मोबाइल उघडायचा कसा ते त्यालाच ठाऊक होतं.

दहाच्या सुमाराला चेतना जिना चढून वर रूपालीच्या खोलीत आली. ती यशदीपची मोठी बहीण, एका खासगी इस्पितळात स्टाफ नर्स. नऊ दिवसांत ती एकदाही मोकळेपणी रडली नव्हती, आणि आता रडायला वेळ नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"काकू, अश्विनले मंगळवारी बिलासपूरले जाऊ देऊ नको," ती म्हणाली.

रूपाली पांढऱ्या साडीच्या निऱ्या घालत होती. "चाचणी आहे त्याची. काहून नको?"

"पोस्टमॉर्टेमवाले डॉक्टर बोलले काल माझ्याशी. यशच्या हृदयाची भिंत जाड झाली होती. स्नायूच जाड. शिरा सगळ्या साफ होत्या, म्हणजे अटॅक नाही. असं हृदय दिसायले धडधाकट असते, माणसाले पत्ता लागत नाही. आणि धावता धावता ठोका एकदम बिघडते. मंग दोन मिनिटांत खेळ खलास."

"बाप रे." रूपाली खाली बसली. "पण त्याचं त्याले होतं. माझ्या पोट्ट्याचं काय?"

"हे रक्तातून येते काकू. घरात एकाले निघालं का बाकीच्यांचं बघाच म्हणते. माझं, बाबांचं, आबाजींचं, अश्विनचं. उद्या समता कॉलनीत सगळ्यांच्या इकोचा नंबर लावला मी. छातीवरून मशीन फिरवते, दुखत-बिखत काही नाही."

अश्विन दाराशी येऊन उभा होता. वीस वर्षांचा, डोळे सुजलेले, पायात मात्र धावायचे बूट. "मेरा मत लगाओ दीदी. मुझे कुछ नहीं हुआ. मैं जाऊँगा बिलासपूर. यश का भी मैं ही दौड़ूँगा."

"यशले तरी काय झालं होतं?" चेतना म्हणाली.

"यश को मैंने मारा," तो शांतपणे म्हणाला आणि खाली उतरून गेला.

मग चेतनानं विचारलं, "काकू, डॉक्टरांनी अजून एक विचारलं. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं काय. मी शंकरकाकाचं सांगितलं. ते म्हणाले, बुडाला त्याले पोहता येत होतं काय?"

रूपालीचा हात निऱ्यांवर तसाच राहिला. एकोणीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ज्यानं विचारला तो आज, तोही एक न पाहिलेला डॉक्टर.

शंकर, तिचा नवरा, लहानपणी आजोळी भंडाऱ्याकडे, वैनगंगेच्या काठी वाढलेला. पुरात पोहायचा. आणि तो खारून नदीत, छातीभर पाण्यात, ना हात वर केला ना हाक मारली, असा गेला. धुळवडीचा दिवस होता. कारखान्यातले सोबती त्याला ओढून घाटावर घेऊन गेले होते. त्यांनी ढोसली होती, काठावर बाटल्या पडल्या होत्या. बस, तेवढ्या बाटल्यांवर निकाल लागला. त्याला घरी आणल्यावर रूपालीनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं होतं. गाळाचा वास होता, दुसरा कसलाच नाही. ती सासऱ्याला म्हणाली, मामाजी, हे पिले नव्हते. सासरे म्हणाले, झाकून ठेव, जास्त बोलू नको. त्या दिवसापासून बाहेरच्यांसाठी शंकर पाय घसरून पडला आणि घरातल्यांसाठी पिऊन बुडाला. आणि ती दारुड्याची बायको, जिला नवरा सांभाळता आला नाही. अश्विन तेव्हा सव्वा वर्षाचा होता.

"येत होतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबाले त्यानंच शिकवलं होतं पोहायले." आणि मग, "चेतना, म्हणजे ते पिले नव्हते ना?"

"नसतील काकू. पण तू आधी अश्विनचं बघ."

खाली दीपमालाचा नवरा निरंजन माणसांची उठबस करत होता. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. दुःखातही खुर्च्या मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. चेतनानं त्याला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि पुन्हा सगळं सांगितलं.

"आज नको," तो म्हणाला. "कार्यक्रम होऊ दे. आणि हे असं चारचौघांत बोलू नको बेटा. दुर्गवाल्यांची माणसं आली आहेत. तुझं ठरून राहिलं तिथं. घराण्यात रोग आहे म्हटलं का..."

"मंग लपवून लग्न करू? आणि उद्या माझ्या पोराले असंच न्यायचं उचलून?"

निरंजन वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कोणाशीच भांडायचं नसायचं, आणि अशा माणसामुळे घरात जेवढं बिघडतं तेवढं भांडखोरामुळेही बिघडत नाही.

दीपमाला कोपऱ्यात बसून ऐकत होती. नऊ दिवसांत ती पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली.

"माझा यश रोगी नव्हता."

"आई, रोगी म्हणजे तसं नाही ग..."

"नव्हता. मी पाजलं, मी वाढवलं, मले माहीत. त्याले त्या पोट्ट्यानं पळवून पळवून मारलं. आता रक्ताचा रोग काढला म्हणजे तो सुटला. सुटला ना? माझ्याच पोरात खोट होती, झालं. तू कोणाची बहीण आहेस चेतना, त्याची का याची?"

चेतनाला उत्तर होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं. भाऊ गेला होता आणि तिच्या हाती जे उरलं होतं ते या दुसऱ्या भावाला धरून ठेवणं, एवढंच.

"मले काही तपासायचं नाही, कोणाले तपासू देणार नाही," दीपमाला म्हणाली. "आणि त्याले जाऊ दे बिलासपूरले. पळू दे. नोकरी लागू दे त्याची. माझं काय, मी आहेच बसलेली."

हे शेवटचं ती मुद्दाम मोठ्यानं बोलली, कारण खिडकीबाहेर अश्विन खुर्च्या लावत होता. त्यानं ऐकलं. हातातली खुर्ची नीट ओळीत ठेवली आणि दुसरी घ्यायला गेला.

पलीकडच्या खोलीत खाटेवर निरंजनचे वडील गुलाबराव, घरातले आबाजी, बसले होते, त्यांनीही ऐकलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य काढलेले, आणि चाळीस वर्षं पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, विहार समितीचे अध्यक्ष. दारूपासून त्यांनी किती घरं सांभाळली होती त्याला गणती नाही. पोरगा पिऊन आला की बाया त्यांच्याकडे घेऊन येत. ते त्याला तसबिरीपुढे बसवून पंचशील म्हणायला लावत आणि पाचव्या शीलाशी आले की स्वतः थांबून त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेत. अशा माणसाचा पोरगा धुळवडीला पिऊन मेला. कागदावर हे चढू नये म्हणून त्यांनी पंचांचे पाय धरले होते. नुसता पंचनामा करा, चिरफाड करू नका. पंच ओळखीचे होते, त्यांनी ऐकलं. म्हातारबुवा तेव्हा मनात म्हणाले, इज्जत वाचली.

पण आज त्यांना शंकरपेक्षा दुसरी गोष्ट छळत होती, आणि ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती. चार वर्षांपूर्वी यशदीप असाच मैदानावर चक्कर येऊन पडला होता. निरंजन कामावर, चेतना बिलासपूरला शिकायला. नातवाला रिक्षात घालून तेच समता कॉलनीत एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. थोडा आवाज येतो, म्हणाला. मग त्यानं विचारलं, दादाजी, घर में कोई जवानी में अचानक गया है क्या? पडदा अर्धाच ओढलेला. बाकावर विहारातले दोघं बसलेले, कान इकडेच. शंकरचं नाव काढलं की कसा गेला, पाण्यात काय करत होता, प्यायला होता का, सगळंच निघालं असतं. गुलाबराव म्हणाले, नाही, आमच्यात असं कोणी गेलं नाही. बरं मग, डॉक्टर म्हणाला, आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. कोणी गेलं असतं तर मोठ्या तपासणीला पाठवलं असतं, असंही म्हणाला. तेही त्यांना शब्द न् शब्द आठवत होतं.

चाळीस वर्षं लोकांना शीलं शिकवली आणि स्वतःला एक खरं वाक्य बोलता आलं नाही. आता बोललो तर सून तोंड बघणार नाही, मुलगा बघणार नाही. नाही बोललो तर मंगळवारी अश्विन पळणार. म्हातारा बराच वेळ काठी दोन्ही हातांत धरून बसून राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती लाजेची भीती होती हे त्याला कळत होतं.

साडेअकराला त्रिशरण-पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी सूत्रपठण केलं. एकदोघांनी श्रद्धांजलीचे शब्द सांगितले. गुणी मुलगा, होतकरू मुलगा, जे अशा वेळी सांगतात ते. मग सवयीनं सगळे आबाजींकडे वळले.

गुलाबराव उभे राहिले. माइक त्यांनी बाजूला सारला.

"जय भीम," ते म्हणाले. "मी तुमच्याकडून पाचवं शील म्हणवून घेतलं. चौथं माझंच मोडलं आहे. खोटं बोललो मी."

मंडपात कुजबुज झाली. निरंजन उठायला लागला, तसा त्यांनी हातानं त्याला खाली बसवलं.

"शंकर कसा गेला ते मले माहीत नाही. तो पिला होता असं मी मानलं आणि माहीत करून घ्यायची वेळ आली तवा चिरफाड होऊ दिली नाही. चार वर्षांमागे यशले चक्कर आली होती. डॉक्टरनं मले विचारलं, घरात कोणी असं गेलं काय. मी नाही म्हणलो. हो म्हणलो असतो तं त्याची तपासणी झाली असती. तो आज बसला असता इथं, त्या खुर्चीवर." मग त्यांनी मागच्या रांगेकडे बघितलं. "अश्विन. तू नाही मारलं रे त्याले. मी मारलं. एवढंच सांगायचं होतं."

मग दीपमाला उठली. ती सरळ सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि निरंजनला वाटलं, आता ही हात उचलते. तिनं तसं काही केलं नाही.

"चक्कर आली होती," ती म्हणाली. "मले नाही सांगितलं, मामाजी?"

"उन्हानं आली असंन म्हणलो."

"डॉक्टरनं विचारलं आणि तुम्हाले लोकं काय म्हणतील याची पडली होती." ती अगदी हळू बोलत होती. "माझ्या यशपेक्षा तुमची खुर्ची मोठी झाली. बसा आता अध्यक्ष होऊन."

"दीपे, लोक आहेत," निरंजन म्हणाला.

"राहू द्या. लोकांपायीच गेला तो." आणि मग ती नवऱ्याकडेही पाठ करून मागच्या रांगेत गेली. अश्विन तिला बघून उभा राहिला. तिनं त्याच्या छातीवर पंजा ठेवला, ठोके ऐकू येतात की काय तसा, आणि तिचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "तू नको पळू रे बाबा," ती म्हणत राहिली. "जाय उद्या, दाखव. माझ्यासाठी दाखव."

"जातो मोठी आई," अश्विन म्हणाला. पहिल्यांदाच मराठीत, धड.

रूपाली मात्र जागची उठली नाही. एकोणीस वर्षांनी भर मंडपात सासऱ्यानं तोंड उघडलं होतं, आणि तरी तो म्हणाला काय, तर "माहीत नाही." पिला नव्हता, असं नाहीच म्हणाला. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि ती मनाशी म्हणत होती, उद्या. उद्या मशीनमध्ये दिसेल. घराण्यात रोग आहे असं दिसलं की शंकरची सुटका. ती हे अगदी खुशीत म्हणत होती. मशीनखाली कोण झोपणार आहे याचा तिला त्या घटकेला विसर पडला होता, आणि त्याबद्दल तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

सोमवारी दुपारी समता कॉलनीतल्या त्या हृदयाच्या दवाखान्यात पाच जण एका रांगेत बसले. दीपमाला घरीच राहिली. म्हणाली, माझ्याच्यानं आता कोणता डॉक्टर बघवत नाही. गुलाबराव दोन खुर्च्या सोडून बसले होते. सकाळपासून निरंजन त्यांच्याशी बोलला नव्हता. भांडणाला भिणारा मुलगा बापाशी अबोला धरून बसला, हेही त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

चेतनाचं आधी झालं. साफ निघालं. ती बाहेर येऊन म्हणाली, "नॉर्मल," आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. निरंजनची भिंत थोडी जाड होती. गोळ्या, आणि दर वर्षी तपासणी. गुलाबरावांचीही निघाली. अठ्ठ्याहत्तर वर्षं तो स्नायू छातीत घेऊन ते वॅगनखाली रांगले, घण मारले, आणि त्यांना काही झालं नाही. असं का, म्हणून चेतनानं विचारलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, एकाच घरात एखादा नव्वदीपर्यंत जगतो, एखादा विशीत जातो. ह्याचा नेम नसतो.

अश्विनला आत घेतलं तेव्हा त्यांनी रूपालीलाही आत बसू दिलं. शर्ट काढून तो डाव्या कुशीवर झोपला. डॉक्टर बाईंनी छातीवर थंड मलम लावलं आणि पडद्यावर काहीतरी करडं, उघडझाप करणारं दिसायला लागलं. बाईंनी एका जागी मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा त्यांनी मोजलं तेव्हा रूपालीनं पदर तोंडात धरला.

"बेटा, दौड़ते समय कभी चक्कर आया?"

"दोन-तीनदा," अश्विन म्हणाला. "मैंने सोचा धूप है."

बाईंनी मशीन बंद केलं आणि खुर्ची रूपालीकडे वळवली. त्यांना मराठी येत होतं, अमरावतीच्या होत्या. "ताई, याची भिंत बरीच जाड आहे. पण वेळेवर आलात. धावणं आजपासून बंद, वजन उचलणं बंद. गोळी सुरू करू. चोवीस तासांची पट्टी लावून ठोके बघू. गरज पडली तर छातीत एक छोटं मशीन बसवतात, ठोका बिघडला की ते सांभाळतं. जपला तर म्हातारा होईल तुमचा मुलगा."

"रेल्वेत घेतील याले?"

"ते सांगता नाही येणार. धावायच्या नोकरीचं विसरा."

"आणि याचे वडील?" रूपालीनं विचारलं. "पोहता पोहता गेले. एकोणतीस वर्षांचे होते. पिले नव्हते."

बाई म्हणाल्या, "मी बघितलेलं नाही, खात्रीनं नाही सांगू शकत. पण मुलाचं हृदय असं, त्यांच्या वडिलांचं, भावाचं असं... बहुतेक हेच, ताई. पाण्यात शिरायच्या आधीपासून होतं ते त्यांच्यात."

बाहेर आल्यावर अश्विन काउंटरपाशी चेतनाजवळ जाऊन उभा राहिला. ती त्याला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगत होती आणि तो मान हलवत होता. बूट मात्र त्यानं काढून हातात घेतले होते, कोण जाणे कशाला.

गुलाबराव काठी टेकत रूपालीजवळ आले. डॉक्टर बाईंचं शेवटचं बोलणं त्यांनी दारातून ऐकलं होतं.

"रूपाली," ते म्हणाले, "शंकर पिला नव्हता. तुझंच खरं होतं. येत्या रविवारी मी विहारात उभं राहून सांगतो, नाव घेऊन. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

रूपालीनं त्यांच्याकडे बघितलं. ज्या वाक्यासाठी ती एकोणीस वर्षं या घरात टिकून राहिली होती, ते वाक्य आज तिच्यासमोर उभं होतं. पलीकडे तिचा पोरगा अनवाणी उभा होता.

"नका सांगू मामाजी," ती म्हणाली. "ते पिऊन मेले असते तं लय बरं झालं असतं."